निकाल पोरीचा की अभ्यासक्रमाचा?

निकाल लागला की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पडले?" दुसरा प्रश्न, "विषय राहिला का एखादा?" आणि राहिला असेल तर तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, थेट निवाडाच होतो. अभ्यास केला नसेल, मोबाईल बघत बसली असेल, डोक्यातच नसेल. पोरीच्या कपाळावर शिक्का मारून आपण मोकळे होतो. त्याच विषयात तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरी राहिलेल्या असल्या तरी आपल्या मनात येत नाही की, बाई गं, हा निकाल पोरींचा नसेलही. त्या विषयाचा असेल, शिकवण्याचा असेल, पेपर काढणाऱ्याचा असेल.

उन्हाळ्यात आपण पापड करतो. शंभरातले चार तडकले तर म्हणतो, लाटताना कड जाड राहिली. पण चाळीस तडकले तर? एकेका पापडाला हातात घेऊन बोल लावणारी बाई मला अजून भेटायची आहे. आपण पिठाकडं जातो. पापडखार जास्त पडला का, उडीद कसा होता, पीठ नीट कुटलं होतं का, ऊन किती कडक होतं, हे शोधतो आणि पुढच्या वर्षी प्रमाण बदलतो. गुऱ्हाळावरचा गुळव्यासुद्धा ढेप काळी पडली तर ढेपेला शिव्या देत नाही. ऊस कुठल्या रानातला होता, रस साफ करताना काय राहिलं, ते बघतो. जे शहाणपण स्वयंपाकघरात आहे आणि गुऱ्हाळावर आहे, ते विद्यापीठात का नसावं? माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. घर सांभाळणारी, बी. ए. झालेली बाई आहे. आमच्या वेळी बेळगाव-निपाणीकडची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली. निकाल धारवाडहून यायचा, आणि आला की देवाज्ञा झाल्यासारखा तो मान खाली घालून घ्यायचा. पुढं १९९८ मध्ये इंजिनिअरिंगचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावातच झालं. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. विद्यापीठ दाराशी आलं, निकाल मोबाईलवर यायला लागला. पण निकाल वाचायची रीत मात्र होती तिथंच राहिली. मार्कलिस्ट विद्यार्थ्याच्या हातात दिली की विद्यापीठाचं काम संपलं, असंच अजून चाललंय.

खरं तर प्रत्येक निकालात दोन निकाल असतात. एक मुलीचा. तिला काय आलं, काय नाही आलं. दुसरा अभ्यासक्रमाचा. शिकवायचं म्हणून जे ठरवलं होतं त्यातलं किती पोचलं. पहिला निकाल सगळे वाचतात. दुसरा वाचायला कुणी बसत नाही. समजा, बी. कॉम.च्या एका पेपरात तीनशे मुलं बसली आणि चौथ्या प्रश्नाला त्यातल्या अडीचशेंनी हातच लावला नाही. आता अडीचशे मुलांनी ठरवून आळस केला असं कसं म्हणायचं? तो भाग शिकवलाच गेला नसेल. शिकवला असेल तर घाईत, सत्राच्या शेवटच्या आठवड्यात. किंवा त्याच्या आधी जे यायला हवं होतं ते मागच्या सत्रात नसेल. किंवा प्रश्नच असा विचारला असेल की कुणाला कळू नये. यातलं नेमकं काय झालं, हे त्या उत्तरपत्रिकाच सांगतात. फक्त त्या मार्क टाकण्यापलीकडं जाऊन कुणीतरी बघायला पाहिजेत. आपल्याकडं गठ्ठे बांधतात, ठेवतात, मुदत संपली की रद्दीत घालतात. हजारो मुलांनी लिहून दिलेला अभ्यासक्रमाचा हिशोब न वाचताच रद्दीत जातो.

आता सीमेवरची गंमत ऐका. गंमत कसली, दैवदुर्विलासच. निपाणीच्या घरातल्या मुलीसमोर दोन वाटा असतात. गावातच किंवा बेळगाव-चिकोडीकडं गेली तर राणी चन्नम्मा विद्यापीठ. गावाला लागूनच अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात गेली तर कागल तालुका, कोल्हापूर जिल्हा आणि १९६२ मध्ये स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ. एका घरातल्या दोन बहिणी सकाळी एकाच दारातून निघतात आणि दोन राज्यांत शिकायला जातात.

नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण कर्नाटकानं २०२१-२२ मध्ये देशात सगळ्यांच्या आधी लागू केलं. पदवी चार वर्षांची झाली, विषयांची नावं बदलली, मार्कांची वाटणी बदलली. मग सरकार बदललं. प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा स्वतःचा शिक्षण धोरण आयोग नेमला गेला आणि त्याच्या अंतरिम अहवालावरून मे २०२४ मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. आणि त्याच २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांना राष्ट्रीय धोरण लागू झालं! म्हणजे हद्दीच्या अलीकडं जे नको म्हणून टाकून दिलं, तेच पलीकडं हवं म्हणून त्याच वर्षी आणलं. मधे अंतर किती, तर चालत जाण्याएवढं.

यात कुठलं सरकार बरोबर आणि कुठलं चूक, या वादात मला पडायचं नाही. मला वेगळंच विचारायचंय. कर्नाटकात २०२१ मध्ये पहिली तुकडी नव्या अभ्यासक्रमात गेली. तिचा तिसऱ्या वर्षाचा शेवटचा निकाल लागायच्या आतच तो अभ्यासक्रम बदलायचं ठरलं. त्या मुलींना कुठला पेपर जड गेला, कुठला फुकटचा वाटला, कुठल्या विषयामुळं त्यांचं खरंच काही भलं झालं, हे निकालांतून काढून, मांडून, मग निर्णय घेतला असं कुणी आपल्याला दाखवलं का? आणि महाराष्ट्रानं तरी शेजारी तीन वर्षं चाललेला हा प्रयोग बघून, त्याचे निकाल मागवून, मग पाऊल टाकलं असं कुणी सांगितलं का? वाद झाले ते चार वर्षं की तीन, दिल्ली की राज्य, यावर. स्वयंपाक तयार व्हायच्या आतच पातेलं बदललं, आणि शेजारणीनं तेच पातेलं चव न बघता उचलून नेलं. जेवायला बसलेल्या पोरींना कुणीच विचारलं नाही.

कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला माहीत नाही, हे सगळं आता चालतं. चालतं हो, माहीत आहे मला. १९९४ मध्ये नॅक नावाची संस्था झाली, मुख्यालय बंगळूरला. ती कॉलेजांना विचारते की तुमच्या प्रत्येक पेपरानंतर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते आधी लिहून ठेवा, मग खरोखर किती जणांना आलं ते मोजा, आणि कमी पडलं तर काय केलंत ते सांगा. इंजिनिअरिंगला तर याहून कडक. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य म्हणून गेला, तेव्हापासून मान्यता हवी असलेल्या कॉलेजांना हा हिशोब द्यावाच लागतो. कागदावर बघितलं तर हे आपलं पापडाचंच शास्त्र आहे. ठरवा, करा, बघा, बदला.

पण होतं काय? कॉलेजात शिकवणाऱ्या बायका आपल्याच घरांत आहेत. कुणाची सून, कुणाची जाऊ, कुणाची भाची. त्यांना विचारून बघा. तपासणी समिती यायला महिना उरला की रात्री जागून तक्ते भरले जातात. आधी शेवटचा आकडा ठरतो आणि मग त्याला जुळेल असा वरचा हिशोब मांडला जातो. 'काय कृती केली?' या रकान्यात दरवर्षी तेच वाक्य, 'ज्यादा तास घेण्यात आले'. समिती येते, रांगोळ्या निघतात, फुगे लागतात, चांगलं जेवण होतं, श्रेणी मिळते, गेटवर भला मोठा फलक लागतो. अभ्यासक्रम मात्र जागचा हलत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तर दुसऱ्या एका राज्यातल्या तपासणीसंबंधात सीबीआयनं नॅकच्या समितीतल्या लोकांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. पण श्रेणीला बाजारभाव आला की निकाल सुधारण्यासाठी वाचायचा नसतो, विकण्यासाठी सजवायचा असतो, एवढं समजायला कोर्टाची गरज नाही.

निकाल वाचायचा तर तो वेळेवरही लागला पाहिजे. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं घाईनं ठरलं आणि उन्हाळ्यातल्या परीक्षांचे निकाल महिनोन् महिने रखडले. शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकाल तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लावावा असं लिहिलेलं असताना हे झालं. पुढचं सत्र निम्मं संपल्यावर मागच्या सत्राचा निकाल लागत असेल तर त्यातून शिकणार कोण आणि बदलणार काय?

आणि एक सावधगिरी. निकालातून सुधारणा करा म्हटलं की काही हुशार लोक निकालच सुधारतात. ग्रेस मार्क वाढवतात, पेपर सोपा काढतात, अंतर्गत गुण सढळ हातानं देतात. मग जाहिरात येते, 'आमचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के'. तडकलेल्या पापडांवर तूप लावून ते डब्यात भरल्यासारखं झालं हे. डबा भरलेला दिसतो, पण तळायला घेतल्यावर कळतं. आपल्या पोरींना ते नोकरीच्या मुलाखतीत कळतं, बँकेच्या परीक्षेत कळतं. मला टक्का वाढलेला नको आहे. मला शिकवणं बदललेलं हवं आहे.

असं खरंच कुठं होतं का? होतं. अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या गावात अल्व्हर्नो हे बायकांचं कॉलेज आहे, ख्रिस्ती भगिनींनी काढलेलं. १९७३ मध्ये त्यांनी नेहमीच्या श्रेणी बाजूला ठेवल्या. आमच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या बाईला नेमकं काय करता आलं पाहिजे, हे आधी ठरवलं. नीट बोलणं-लिहिणं, विचारांची फोड करणं, अडचण सोडवणं, चारचौघांत काम करणं अशा आठ क्षमता. मग प्रत्येक मुलीला त्या कितपत आल्या हे तिच्या कामावरून बघायचं आणि तिला मार्कांऐवजी शब्दांत सांगायचं. बघायला गावातली जाणकार माणसंही बोलवायची. आणि मुली जिथं अडतात तिथं शिक्षकांनी एकत्र बसून आपलं शिकवणं बदलायचं. जगभरातले शिक्षक पुढं ते बघायला गेले. आपल्याकडं लगेच म्हणतील, ती अमेरिका, तिथं मुली थोड्या, पैसा फार. बरं, अमेरिका सोडा.

आपल्याच माणसाकडं बघा. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. त्यांना दिसलं की खेड्यातली पोरं शाळेतून गळतात. लोक म्हणत होते, या पोरांना शिक्षण झेपत नाही. भाऊरावांनी पोरांना तपासायचं सोडून व्यवस्था तपासली. पोरांना शहरात राहायला जागा नाही, खायला अन्न नाही, फीला पैसा नाही. म्हणून १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचं शाहू बोर्डिंग आणि कमवा आणि शिका. गळती हा पोरांचा दोष नसून ती आपल्याला मिळालेली माहिती आहे, असं त्यांनी मानलं. निकालाचा उपयोग करणं म्हणजे हेच. त्याला संगणक लागत नाही. 'का?' असं विचारायची दानत लागते.

आता प्राध्यापक मंडळी काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. "अभ्यासक्रम आम्ही कुठं ठरवतो? विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं." खरं आहे. मग अभ्यास मंडळाच्या बैठकीत मागच्या तीन वर्षांचे पेपरवार निकाल टेबलावर असतात का? "आमच्याकडं कायमचे शिक्षकच नाहीत." हेही खरं. कर्नाटकात अतिथी प्राध्यापक, महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे. वर्षाचे काही महिने पगार आणि पुढच्या वर्षी असतील की नाही याचा भरवसा नाही. मागच्या वर्षी त्या वर्गाला काय जड गेलं होतं हे लक्षात ठेवायला तोच माणूस तिथं तर पाहिजे! पण मग हेच निकालातून दाखवून सरकारकडं जागा मागा ना. "मुलंच कच्ची येतात." या वाक्याला मात्र माझा हात जोडून नमस्कार. कच्चं आलेलं पिकवायलाच तर शाळा-कॉलेज असतं.

आणि 'कच्ची' म्हणजे तरी काय? आमच्या ओळखीत एक मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. पुढं बी. कॉम.ला सगळं इंग्रजीतून. संख्याशास्त्रात दोनदा राहिली. आकडेमोड तिला उत्तम येते, वडिलांच्या दुकानाचा जीएसटीचा हिशोब तीच बघते. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, गणित येत होतं. प्रश्न काय विचारलाय तेच कळलं नाही." दुसऱ्यांदा राहिली आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. तिच्या मार्कलिस्टवर लिहिलं आहे की तिला संख्याशास्त्र येत नाही. खरा निकाल असा आहे की विद्यापीठानं तिची इंग्रजी तपासली आणि नाव संख्याशास्त्राचं घातलं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी माध्यमांतून आलेल्या मुलांचे निकाल वेगवेगळे काढून बघितले तर ही गोष्ट एका दुपारात कळेल. आपल्या सीमाभागात तीन-तीन भाषांतली पोरं एका वर्गात बसतात. हा तक्ता इथं काढायचा नाही तर कुठं?

इथं आपण बायकांनी कान टवकारले पाहिजेत. मुलगा एका विषयात राहिला तर घर म्हणतं, पुढच्या वेळी काढेल. मुलगी राहिली तर घर म्हणतं, आता पुरे. म्हणून वाईट काढलेला पेपर, न शिकवलेला धडा, उशिरा लागलेला निकाल या सगळ्याची पावती शेवटी पोरीच्या नावानं फाटते. कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये बायकांना राज्यात बस फुकट केली, चांगलं केलं. पोरी आता तिकिटाची चिंता न करता कॉलेजला जातात. पण बसनं पोचवलेल्या पोरीला वर्गानं वाऱ्यावर सोडलं तर त्या प्रवासाचा काय उपयोग?

आणि आता थोडं आपल्या समाजालाही सांगते, राग मानू नका. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो. करावाच. पण व्यासपीठावर प्राचार्य असतात, कधी कुलसचिव, कधी सिनेटवरचे सदस्य. ते आपल्या पोरांचं कौतुक करतात, आपण त्यांचं करतो, आणि जेवून घरी येतो. नव्वद टक्केवालीनं काय केलं हे सगळ्यांना कळतं. चाळीस जणी कुठं अडल्या हे विचारायला त्या मंडपात एकही जण उभा राहत नाही. महिला मंडळानं यंदा एवढंच करावं. हार घालायच्या आधी पाहुण्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. एक, तुमच्या विद्यापीठात मागच्या वर्षी सगळ्यांत जास्त मुलं कुठल्या पाच पेपरांत राहिली? दोन, त्याचं कारण शोधायला कोण बसलं आणि काय सापडलं? तीन, त्यामुळं यंदाच्या अभ्यासक्रमात, शिकवण्यात किंवा पेपरात नेमकं काय बदललं? उत्तर आलं तर दोन हार घाला. नाही आलं तर पुढच्या वर्षी येताना घेऊन या म्हणून नम्रपणे सांगा.

घरीही एक करता येईल. विषय राहिला तर पोरीला ओरडायच्या आधी तिची तपासलेली उत्तरपत्रिका मागवा. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. हा हक्क आपण पुनर्तपासणीत चार मार्क वाढवून घ्यायला वापरतो. तो समजून घ्यायला वापरा. पोरीजवळ बसा, कुठला प्रश्न गेला आणि का गेला ते तिलाच विचारा, लिहून काढा. एकाच पेपरच्या दहा पोरींच्या आयांनी असे दहा कागद एकत्र आणले तर जे विद्यापीठानं करायचं ते काम महिला मंडळाच्या सतरंजीवर सुरू झालं म्हणून समजा. मग ते कागद घेऊन प्राचार्यांकडं जा. भांडायला नको, दाखवायला जा. चांगले शिक्षक सगळीकडं असतात, त्यांना असा कागद हवाच असतो. वरच्यांना सांगायला त्यांच्याही हातात काहीतरी येतं.

विद्यापीठ आपल्या मुलींची दर सहा महिन्यांनी परीक्षा घेतं. तशी स्वतःचीही घेत असतं, फक्त तो पेपर कधी तपासत नाही. आपल्या पोरींनी तो लिहून दिलेला आहे. आता तपासून द्या, एवढंच आपण मागतोय. आणि तोवर निदान आपल्या घरात तरी, विषय राहिलेल्या पोरीचं लग्न ठरवायची घाई करू नका. नापास नक्की कोण झालंय, ते अजून ठरायचं आहे.